स्वच्छ कुपीतलं निळं पाणी

तुमच्या घरातलं पाणी फार स्वच्छ आहे, असं एका माणसाने मला तोंडावर सांगितलं. तेही कौतुकाने नाही, तक्रारीच्या सुरात. जन्मभर घासूनपुसून संसार केलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते मी लिहीत नाही. मी हळू बोलणारी आहे, आणि लिहितानाही आवाज चढू नये असा माझा प्रयत्न असतो.

तो माणूस खाऱ्या पाण्यातले मासे विकायचा. आमच्याकडे तसले मासे होते, पण आमचे नव्हते. माझे धाकटे दीर एकटे राहतात. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि विश्रांतीसाठी त्यांना नणंदेकडे, दुसऱ्या गावी नेलं. जाताना त्यांनी घराची किल्ली कुणाकडे दिली ते कुणालाच आठवत नाही, पण त्यांचा टँक मात्र आमच्या हॉलमध्ये आला. टँक म्हणजे काचेत कोंडलेला समुद्र. त्यात दोन नारिंगी मासे, कुणी कधी हलताना न पाहिलेली एक गोगलगाय, आणि एक पोवळं.

भावजींचा जीव त्या पोवळ्यात. नखाएवढा तुकडा होता तेव्हापासून त्यांनी ते वाढवलेलं. सकाळी टँकचा मोठा दिवा लागला की ते हळूहळू फुगायचं. मोत्यासारखे गोल गोल फुगे एकमेकांना बिलगून वर यायचे आणि पाण्याबरोबर मागेपुढे व्हायचे. त्याच्यासमोर मी जपाला बसले की माळ कुठे संपली ते कळायचं नाही. खोली निळी व्हायची, भिंतींवर पाण्याच्या रेघा हलायच्या, आणि आपण खुर्चीवर आहोत की तळाशी, असा प्रश्न पडायचा. कुकरची शिट्टी झाली की वर यावं लागायचं. दिवेलागणीला मोठा दिवा आपोआप विझायचा, कारण भावजींनीच तशी वेळ लावून दिली होती. मग एक अंधुक निळा बल्ब तेवढा उरायचा आणि पोवळं अंग चोरून झोपायचं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच भावजींनी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, "उघडलं का?" डॉक्टरांना वाटलं, टाके उघडलेत का म्हणतोय. त्यांनी नर्सला बोलावलं.

तर त्या पोवळ्याची जबाबदारी ह्यांच्यावर आली. आमचे हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात दुकानादुकानांत जाऊन लोकांचे काटे खोटे ठरवले. त्यामुळे जगात मोजता येत नाही असं काही असेल, यावर त्यांचा विश्वास नाही आणि दुसऱ्याने मोजलेल्यावर तर मुळीच नाही. भावजींनी फोनवर बजावलं होतं, की पाण्यातलं फॉस्फेट तपासत राहा, फार वाढलं तर पोवळं खराब होतं. ह्यांना नोकरी परत मिळाल्यासारखं झालं.

तपासणी अशी: काचेच्या एका लहान कुपीत टँकचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, चिमूटभर पूड टाकायची, हलवायची आणि वाट पाहायची. पाणी जितकं निळं होईल तितकं फॉस्फेट जास्त. एका कार्डावर निळ्या छटा छापलेल्या असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं. हे डोळे बारीक करून कुपी खिडकीशी धरायचे, मग दिव्याखाली, मग माझ्या पांढऱ्या पातळाच्या पदराशी. मग कुपी माझ्याकडे यायची.

कुपी धुणं माझ्याकडे होतं हे मुद्दाम लिहून ठेवते. तपासणीच्या संचाबरोबर आलेली सगळी माहितीपत्रिका ह्यांनी चष्मा लावून वाचली होती, पण शेवटचा परिच्छेद धुण्याविषयी आहे असं दिसल्यावर त्यांनी घडी घातली. ते खातं वेगळं. माझ्या दृष्टीने औषध घातलेली कुपी म्हणजे खरकटं भांडं. मी ती भांड्यांच्या पावडरीने, बारीक ब्रश घालून, तळाचा कोपरा न सोडता घासायची, खळबळून धुवायची, स्वच्छ फडक्याने पुसायची आणि देवाच्या भांड्यांशेजारी पालथी ठेवायची. इतकी चकचकीत कुपी ती बनवणाऱ्या कंपनीनेही कधी पाहिली नसेल.

पहिल्याच तपासणीत पाणी गर्द निळं झालं. ह्यांच्या चेहऱ्यावर खोटा काटा सापडल्याचं जुनं समाधान आलं. लगेच फॉस्फेट शोषून घेणारे दाणे आणले. गंजासारखे तांबूस. ते आधी चाळून, धुऊन मग घालायचे असतात, हे कळेपर्यंत समुद्राचा विटांचा भट्टा झाला होता. दोन्ही मासे काचेला नाक लावून आमच्याकडे बघत राहिले. गाळ निवळला, पुन्हा तपासलं, पुन्हा निळं. आणखी दाणे. माशांचं खाणंही ह्यांनी निम्म्यावर आणलं, कारण खाण्यातूनच फॉस्फेट येतं.

इथे माझ्या नेमाला धक्का लागला. माझे नेम थोडेच आहेत. मुक्या जिवाला घास घातल्याशिवाय आपण खायचं नाही. खोटं बोलायचं नाही. आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की तो शांत होईपर्यंत बोलायचंच नाही. टँक आल्यापासून पहिला घास माशांचा असे. तो बंद झाल्यावर मी खिडकीत चिमण्यांना दाणे ठेवू लागले. मासे ते बघायचे. त्यांना काय वाटत असेल या विचाराने मला घास उतरत नसे.

आणि पोवळं मिटू लागलं. आधी फुगे लहान झाले, मग विरळ. रंग उतरत गेला, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. सकाळी दिवा लागायचा, खोली निळी व्हायची, मी माळ घेऊन बसायची, आणि समोर ते तसंच, मुठीत दाबल्यासारखं.

भावजींचा फोन रोज दिवेलागणीनंतर यायचा. आमची चौकशी नाही, स्वतःच्या तब्येतीविषयी अक्षर नाही. "दादा, उघडलं का?" मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. हे म्हणायचे, "हो तर. आत्ता समोरच आहे. काय सुंदर डुलतंय." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की त्यात फार तपशील घालतो. हे एकदा म्हणाले, पोवळं माझ्याकडे बघतंय.

मग भावजी म्हणायचे, वहिनींना द्या. वहिनींचा दिवा तेवत असायचा. खोटं बोलायचं नाही हा माझा नेम, खरं सांगायचं नाही हा डॉक्टरांचा, आणि दोन्हींच्या मधे मौन, हीच एक वाट होती. भावजींचा फोन कधीकधी उशिरा येई, म्हणून मी दिव्यात तेल जरा जास्त घालू लागले. देवाला ते कळलं असणार, पण त्याने कधी विषय काढला नाही.

शेवटी आम्ही बाटलीत टँकचं पाणी घेऊन त्या दुकानदाराकडे गेलो. दुकान म्हणजे एक लांब अंधारी खोली, दोन्हीकडे काचा, आणि आत सगळं तरंगतंय. तो माणूसही तरंगल्यासारखाच बोलायचा. एक वाक्य सुरू करायचा, मधेच एखाद्या माशाकडे बघत राहायचा आणि मग दुसरंच वाक्य संपवायचा. त्याने पाणी तपासलं. निळं नाहीच. अगदी पारदर्शक, सकाळच्या कोवळ्या मनासारखं. मला तर ते पाहून बरं वाटलं. विकार नाही, वासना नाही, काही नाही.

"उपाशी आहे हो ते," तो म्हणाला. "पोवळ्याला थोडं फॉस्फेट लागतं. तुमच्याकडे पाणी फार स्वच्छ आहे. थोडी घाण पाहिजे."

हे वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. त्याने फॉस्फेट वाढवायची एक लहान बाटली दिली. रोज थेंब थेंब घाला, माशांना पोटभर खायला द्या, तपासत राहा, घाई करू नका.

 घरी आल्याबरोबर ह्यांनी स्वतः, माझ्या चकचकीत कुपीत, तेच पाणी तपासलं. गर्द निळं. "दोन काटे दोन वजनं दाखवतात," हे म्हणाले, "तेव्हा एक काटा खोटा असतो. आणि तो आपल्या घरात नाही." बाटली कपाटात गेली.

खात्री करायची म्हणून ह्यांनी पिण्याच्या फिल्टरचं पाणी तपासलं. त्यात तर फॉस्फेट असायलाच नको. तेही निळं. नळाचं निळं. बाजारातून बाटलीबंद पाणी आणलं, ते निळं. मी कुप्या घासत होते. समोरच्या वहिनी विरजणाला दूध मागायला आल्या होत्या, त्यांनी दारातूनच विचारलं की आमचंही बघता का. त्यांचंही निळं.

समोरच्या वहिनींना कळलं म्हणजे इमारतीला कळलं. संध्याकाळपर्यंत आमच्या हॉलमध्ये बाटल्यांची रांग लागली. प्रत्येकाकडे लक्षण होतं. कुणाचा घसा धरायचा, कुणाच्या साड्या विटत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांना टक्कल पडून एक तप झालं असेल, ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले की आपल्याला आधीपासून संशय होताच. सल्ले सुरू झाले. पाणी उकळा. उकळू नका, त्याने आटून जास्त होतं. तुरटी फिरवा. एक आजोबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी पाण्यात फॉस्फेट नव्हतं, होतं ते फक्त पाणी. हे मधोमध बसून कुपी उजेडाला धरत होते. निवृत्तीनंतर इतकी माणसं त्यांच्या मागेपुढे पहिल्यांदाच होती. मी स्वयंपाकघरात घासत होते आणि दारातून पोवळ्याकडे बघत होते. त्याच्याकडे बघणारी तेवढी मी एकटीच उरले होते.

हे आणि सेक्रेटरी पाणी खात्यात तक्रार द्यायला गेले. तिथल्या खिडकीवर एक तक्रारीचा अर्ज असतो आणि त्यात खुणा करायला तीन रकाने असतात: पाणी गढूळ आहे, पाण्याला वास येतो, पाणी येत नाही. ह्यांचं पाणी स्वच्छ होतं, बिनवासाचं होतं आणि येत होतं. कारकून शांतपणे म्हणाला, मग तक्रार कशाची. हे म्हणाले, त्यात पोषण जास्त आहे. कारकुनाने त्यांना पोषण विभागाकडे पाठवलं. तिथे लहान मुलांच्या वजनाचा तक्ता लावलेला होता, आणि त्याखाली ठेवलेला वजनकाटा ह्यांनी उभ्या उभ्या खोटा ठरवला. त्यानंतर तिथे कुणी नीट बोलेना. शेवटी एका साहेबांनी, बहुधा सुटका व्हावी म्हणून, प्रयोगशाळेतल्या बाईंना पाठवतो असं कबूल केलं.

त्या बाई दिवसाची सगळी कामं संपवून, घरी जाता जाता आल्या. दिवेलागण झाली होती. टँकचा मोठा दिवा नुकताच विझला होता, मी देवापुढे दिवा लावला होता आणि माझं मौन सुरू होतं. हॉलमध्ये ट्यूबलाईटखाली निम्मी इमारत जमलेली. बाईंनी खांद्यावरची पेटी उघडली, स्वतःची कुपी काढली, नळाखाली त्याच पाण्याने दोनदा हिंदकळली, भरली, थेंब टाकले. सगळे श्वास धरून. पाणी जसंच्या तसं.

मग ह्यांनी आमच्या कुपीत तेच पाणी घेतलं. गर्द निळं.

  सेक्रेटरींनी दोन्ही कुप्या आळीपाळीने बघितल्या आणि खात्याच्या औषधांची मुदत संपली असेल असं मोघम सुचवलं. बाईंचे कान लाल झाले. मी त्यांच्या कुपीकडे बघत होते. मला आपलं एवढंच खटकत होतं की ती त्यांनी घासली नाही. नुसती हिंदकळली. खरकटीच वापरली. इतक्या शिकलेल्या बाई, आणि भांडं घासू नये?

आणि तिथेच, त्या ट्यूबलाईटखाली, मला एकदम सगळं दिसलं. खोल पाण्यात दिवा सोडावा तसं.

बोलता येत नव्हतं. देवाजवळ दिवा मंद तेवत होता. मी पुढे झाले आणि बाईंच्या हातातली कुपी हळूच मागून घेतली. त्यांना वाटलं चहा विचारतेय. मी त्यांना खुणेने मोरीशी बोलावलं. त्यांच्यासमोर पावडर घेतली, ब्रश घेतला, नेहमीसारखी मन लावून घासली, खळबळून धुतली, फडक्याने पुसली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मग त्यांच्या पेटीतल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पावडरीच्या डब्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावरची आठी अलगद सुटली. त्यांनी शुद्ध पाणी ओतलं, थेंब टाकले, पूड टाकली.

कुपीत हळूहळू निळं उतरत गेलं. इतकं सुंदर निळं मी यापूर्वी पाहिलं नव्हतं, म्हणजे रोज पाहिलं होतं, पण त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. ते फॉस्फेट पाण्यातलं नव्हतं, पावडरीतलं होतं, काचेला चिकटून राहिलेलं. टँकमध्ये ते कधी जास्त नव्हतंच. होतं तेवढंही दाण्यांनी ओढून घेतलं, आणि पोवळं भर पाण्यात उपाशी राहिलं. माझ्या स्वच्छतेने.

मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला सांगता येणार नाही.

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे कुप्या घासणाराच..." आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळू लागल्या. तेवढ्यात हे उभे राहिले.

"कुप्या मी घासतो," हे म्हणाले. "पत्रिकेत धुण्याचा परिच्छेद होता, तो मी वाचला नाही. चूक माझी."

सेक्रेटरींनी विचारलं, तुम्ही भांडी घासता? या माणसाने आयुष्यात कपसुद्धा विसळला नाही, हे साऱ्या इमारतीला ठाऊक. ह्यांनी मान ताठ ठेवून हो म्हटलं. दुसऱ्या वाक्यात तरी काही खोटं नव्हतं. पहिल्याचं काय करायचं ते मला कळेना. मौनात राहून दुसऱ्याचं खोटं ऐकून घेणं हे खोट्यात धरतात की नाही, याचा खुलासा मी वाचलेल्या कुठल्याच पोथीत नाही.

आणि फोन वाजला. गडबडीत ह्यांचा अंगठा भलत्या ठिकाणी पडला आणि भावजींचा आवाज साऱ्या हॉलभर पसरला. "दादा, उघडलं का?"

निम्मी इमारत टँककडे वळली. अंधुक निळ्या उजेडात पोवळं पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं पडलं होतं. हे म्हणाले, "हो, हो. समोरच आहे. डुलतंय." आवाज अगदी बारीक. प्रयोगशाळेच्या बाईंनी पेटी मिटायची थांबवली.

नेमका तेव्हा माझा दिवा शांत झाला. तेल आज मी जास्त घातलं नव्हतं, का ते आठवत नाही. मी फोन हातात घेतला.

"भावजी, नाही उघडलं," मी म्हणाले. "बरेच दिवस नाही. उपाशी होतं बिचारं, आम्हाला कळलं नाही. उद्यापासून जेवायला घालते."

पलीकडून नणंदेच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. माझ्या मनात ऑपरेशनचे टाके, डॉक्टर, सगळं येऊन गेलं.

"वहिनी," भावजी म्हणाले, "टँकचा दिवा विझला की ते मिटतं. मीच वेळ लावून दिलीय. मी रोज दिवा विझल्यावर फोन करतो, आणि दादा रोज सांगतो डुलतंय. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग रोज कशाला विचारता?"

"लहानपणापासून दादा माझ्यासाठी असंच वाईट खोटं बोलतो," ते म्हणाले. "ऐकलं की झोप छान लागते."

हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. बाईंनी पेटी खांद्याला लावली आणि तक्रारीच्या कागदावर काय लिहायचं ते हळू आवाजात मला विचारलं. मी म्हटलं, पाणी चांगलं आहे असं लिहा. त्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी समासात लिहिलं.

त्यानंतरचा काळ मला संथ पाण्यासारखा आठवतो. तांबूस दाणे काढले. कपाटातली बाटली बाहेर आली, रोज थेंब थेंब पडू लागले. पहिला घास पुन्हा माशांचा झाला, आणि चिमण्यांचाही सुरू राहिला, कारण एकदा लावलेली सवय मोडायची कशी. कुपी टँकच्याच पाण्याने नुसती हिंदकळायची आणि तशीच ठेवायची. माझ्या साऱ्या नेमांत हा न घासण्याचा नेम मला सर्वांत जड गेला. सुरुवातीला मी तिच्याकडे पाठ करून बसायची. कुपीत रोज रंग यायचा, अगदी फिका, उजाडण्याआधी आभाळाला असतो तेवढाच. हे म्हणायचे, बरोबर आहे. मोजून झाल्यावर ते मोरीशी जायचे आणि घरातले कप विसळायचे. सांगितलंय तर करायला हवं, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या वहिनी दिवसातून एकदा काही ना काही कारण काढून खात्री करून जात. ह्यांना कप अजून नीट जमत नाहीत. काठाशी चहाची रेघ राहते.  थोडी घाण घराला चांगली असते, असं मलाही पटू लागलंय.

आणि एका सकाळी, दिवा लागल्यावर, मी माळ घेऊन बसले असताना, पोवळ्याच्या एका कडेला एक मोती वर आला. मग शेजारी दुसरा. माळ मांडीत राहिली. उन्हाचा कवडसा टँकवर येईपर्यंत सगळं पोवळं फुगून पाण्याबरोबर मागेपुढे होत होतं, काही झालंच नाही असं.

मी भावजींना फोन लावला. भर दिवसा, पहिल्यांदाच. त्यांनी उचलला. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि तेव्हा मौनही नव्हतं. मी फोन नुसता काचेजवळ धरला. पंपाची घरघर, बुडबुड्यांचा आवाज, बाकी काही नाही.  हे हातात ओला कप घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले. बराच वेळ आम्ही तिघं तसेच, त्या निळ्यात.

मग ह्यांना राहवलं नाही. ते माझ्या कानाशी कुजबुजले, "सांग ना त्याला, डुलतंय म्हणून."

फोनमधून भावजींचा आवाज आला. "वहिनी, दादाला म्हणावं, आजचं खरं वाटलं."